डाव्या अंगाचा बोया

“परत बोललं गो तुझं पेटारं!”

चेअरमनकाकांची हाक आली तशी मी हातातला चहा खिडकीत ठेवून पडद्याकडे धावले. काळ्या पडद्याच्या तळाशी एक पांढरी ओळ नव्यानं उमटली होती. मेमरीत चूक सापडली, दुरुस्त केली. मी बघतेय तोवर तिच्या पायाशी तिची जुळी बहीण येऊन बसली. मेमरीत चूक सापडली, दुरुस्त केली.

“काय म्हणतंय?”

“तेच. सकाळचं तेच, कालचं तेच.”

“म्हणजे पाढे म्हणतंय,” काका म्हणाले आणि त्यांनी सुपारी गालात सरकवली.

गजानन पावसे हे आमच्या खारवेळ बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. आणि पेटारा म्हणजे सोसायटीचा सर्व्हर. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर एक खोली होती. तिच्यात तो, वायरलेस आणि मी, असे तिघे बसायचो. समुद्रात गेलेली बोट कुठं आहे ते तिच्यावरचा डबा या पेटाऱ्याला कळवत राही, आणि हवा फिरली की पेटारा सगळ्या बोटींना एकदम माघारी हाक मारी. आदल्या हंगामात दिवाळीच्या सुमारास वारा उलटला, तेव्हा त्या एका हाकेवर अख्खं बंदर भरून आलं होतं. त्या बोटींत आमची ‘मथुरामाय’ होती आणि तिच्या सुकाणूवर माझे वडील, आबा.

म्हणून मला चैन नव्हती. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. दर्याला नारळ दिला की बोटी सुटणार, आबा सुटणार. आणि त्यांना घरी बोलावणारं यंत्र हे असं तापातल्या माणसासारखं बडबडत होतं.

बडबड सुरू झाली ती मी कर्नल बदलल्यापासून. यंत्राच्या अगदी पोटात बसून सगळा कारभार हाकणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. काकांना समजावं म्हणून मी ‘यंत्राचा तांडेल’, म्हणजे बोटीवरच्या सुकाणूवाल्या मुख्यासारखा, असं म्हणून बसले होते, आणि तेच आता माझ्या गळ्यात आलं होतं.

“तांडेल बदललास ना? मग ही नव्या तांडेलाची कटकट. जुना परत बोलाव, मिटलं.”

“बोलावला होता काका काल. करून बघितलं.”

“मग?”

“ओळी थांबल्या.” जुना कर्नल चढवल्यावर पडदा ओहोटीनंतरच्या वाळूच्या पुळणीसारखा कोरा झाला होता. एक ओळ नाही. सांजेपर्यंत मी त्याच्यासमोर बसून होते आणि ओळ काही आली नाही.

“मिटलंच की मग!”

“पण जुन्याला आपला नवा रिसीव्हर चालवता येत नाही. लांब गेलेल्या बोटी दिसायच्या नाहीत. आणि...”

“आणि काय?”

आणि काय ते मलाच सांगता येत नव्हतं. कोरा पडदा बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नव्हतं. पाळण्यातलं रडतं मूल एकदम गप्प झालं की आई हातातलं टाकून बघायला धावते, तसं मला झालं होतं. म्हणून मी आज नवा कर्नल पुन्हा चढवला होता.

“बाय, पौर्णिमेच्या आत काय तो निकाल लाव,” काका उठत म्हणाले. “नाय जमलं तर जुना. मला पडद्यावर बडबड नको. पोरं माडीवर येतात, बघतात, त्यांच्या मनात पाल चुकचुकते. हळद लागलीय आता बोटींना.”

हळदीचं सांगायला हवं. आमच्या खारवेळला रंगवून झालेल्या बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावतात. हळद लागली की नारळ पाण्यात पडेपर्यंत त्या बोटीची, तिच्यावरच्या माणसांची खोड काढायची नाही. फळी कुजकी म्हणायचं नाही, इंजिन खोकतंय म्हणायचं नाही, नाखवा म्हातारा झाला म्हणायचं नाही. दर्याला कान असतात, तो ऐकतो आणि बोललेलं खरं करतो. पुढं बोटी पाण्यात गेल्या की पाण्यावर तर बोलायचंच नाही. माझी आय म्हणायची, हळद लागलेल्या नवरीला कुणी काळी म्हणतं का? तसंच ते.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन मी खाली पुळणीवर गेले. ‘मथुरामाय’ लाकडी ठोकळ्यांवर तिरकी उभी होती, निळ्या अंगावर पिवळा पट्टा, नाळेवर हळदीची ओली बोटं. आबा तिच्या सावलीत पाय पसरून बसले होते. शेजारी धाकूकाका, आबांचे चुलतभाऊ, जन्माचे सोबती. आबा सुकाणूवर बसले की धाकूकाका डाव्या अंगाला, ही त्यांची जागा. आणि समोर उभा राहून हातवारे करत होता मोतीराम.

मोतीराम मोंडकर हा त्या वर्षीचा नवा खलाशी. मालवणकडचा, चाळिशीचा, काळाकभिन्न, आणि तोंड म्हणजे धो धो वाहणारा पऱ्ह्या. आमचा जुना खलाशी पांडू मुंबईला गोदीत लागला म्हणून आबांनी याला घेतला. आला तेव्हापासून बोटीवर शांतता म्हणून नव्हती.

“मी काय खोटा बोलतंय?” तो बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपाबद्दल, बोयाबद्दल, म्हणत होता. “काल सोसायटीची होडी घेवन फेरी मारून येताना डावीकडचो बोयो तांडेलांका दिसलोच नाय. येवढो लाल बोयो! धाकूशेटनी सुकाणूक हात घातल्यानी म्हणान. नायतर घासलोच असतो!”

“तोंड आवर, मोत्या!” धाकूकाका कडाडले. “हळद दिसत नाय तुला नाळेवर?”

“हळद दिसता. बोयो पण दिसलो. माका दोनय दिसतत.”

आबा मोठ्यानं हसले. हसले की त्यांच्या छातीचा भाता गदगदायचा. “अरे, उन्हं उतरलेली, चमक डोळ्यावर. आणि दर्या काय डोळ्यांनी बघायचा असतो? पाठीनं बघायचा असतो. विचार ह्या धाकूला, मी डोळे मिटून बोट आणलीय ह्या बंदरात.”

“आणलीय,” धाकूकाका म्हणाले. पण त्यांनी आबांकडे बघितलं नाही. जाळ्याची गाठ उगाच सोडून ते पुन्हा बांधत बसले.

मीही मोतीरामावर चिडले. “काय हो मोतीरामभाऊ, पांडू इतकी वर्षं होता, त्याला कधी काही दिसलं नाही. तुम्ही आल्यापासूनच सगळं कसं चुकायला लागलं?”

“आता ता मी काय सांगू, चेडवा?” त्यानं कपाळाला हात लावला. “बोललंय तर तुमका राग येता. नाय बोललंय तर माका झोप येणा नाय. देवान तोंड दिल्यान ता काय फकत भात खावक?”

“पौर्णिमेआधी दुसरा माणूस बघू या,” धाकूकाका हलक्या आवाजात आबांना म्हणाले. “ह्याला चेअरमनच्या बोटीवर देऊ.”

आबांनी हात हलवला. “बघू. माणूस कामाला वाघ आहे.”

तेवढ्यात आय पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी डबा उघडून आबांपुढं ठेवला. तिनं माझ्याकडं न बघता तांब्या त्यांच्या डाव्या हाताकडून उचलून उजव्या हाताला ठेवला आणि पदरानं वारा घालत बसली. वारा घालता घालता गुणगुणत होती. तिला ओव्या येत. हळदीच्या दिवसांत तर तिच्या ओठांवरून त्या उतरतच नसत.

दर्याच्या कडेशी, दिवा मी लाविला,
वारा गं थांबविला, पदराने...

“पदरानं वारा थांबवतेस आणि पदरानंच घालतेस,” आबा घास घेत म्हणाले. “एक काय ते ठरव.”

“जेवा गप,” ती म्हणाली.

मी माडीवर परतले तरी ती ओवी डोक्यात घुमत राहिली आणि पडद्यावर ओळी उमटत राहिल्या. मेमरीत चूक सापडली, दुरुस्त केली. मला वाटलं विजेचा दोष असेल. खालच्या कारखान्याची मोटर चालू झाली की माडीची फरशी थरथरायची. मोटर बंद असतानाही ओळ आली. वाटलं उष्णता, दारं-खिडक्या उघडल्या, पंखा लावला. ओळ आली. रिसीव्हर काढून ठेवला. आली. कधी लागोपाठ, कधी इतक्या वेळानं की मी सुटकेचा श्वास सोडावा आणि तिनं नेमकं तेव्हाच यावं. भरतीची लाट पुळणीवरचं नाव पुसायला येते तशी ती माझी प्रत्येक समजूत पुसून जात होती. घरी जेवताना माझी नजर भिंतीकडे लागे, जणू तिथंही ओळी येणार आहेत.

“बाय, ताटात बघ,” आय म्हणे.

“तिचा पेटारा आजारी आहे,” आबा म्हणत. “माझी बोट सुटायच्या आधी बरा कर गो त्याला. दर्यावर मी कुणाच्या हाकेवर बसू?”

त्यांनी ते थट्टेतच म्हटलं. मी मात्र ताट बाजूला सारलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चेअरमनकाका निकाल ऐकायला म्हणून वर आले, आणि त्यांच्या समोरच मी पेटारा बंद करून उघडला. आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, मेमरीच्या पट्ट्या शेजारीशेजारी खाचांत बसवलेल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी एका खाचेचं नाव येत असे, आणि ते नेहमी एकच असे. इतके दिवस मी ते वाचून सोडून देत होते. माझं सगळं लक्ष नव्या कर्नलची चूक शोधण्यात. आता मी त्या खाचेतली पट्टी काढली, दुसऱ्या टोकाच्या खाचेत घातली, तिथली इकडं घातली, आणि पेटारा पुन्हा चालू केला.

“काय करतेस?”

“भाडेकरूंची खोली बदलली. आता भांडण कुठल्या खोलीतून येतं ते बघू.”

आम्ही दोघं बघत बसलो. खाली बर्फाच्या लाद्या सरकत होत्या. काकांची सुपारी चावून संपली. आणि ओळ आली. शेवटी नाव नव्या खाचेचं होतं.

“पट्टी,” मी म्हणाले. “काका, पट्टीच नासलीय. ती जिथं जाते तिथं चूक जाते. कर्नलचा काही दोष नाही.”

“पण पट्टी तर जुनी. पेटाऱ्याबरोबर आलेली.”

“हो.”

“मग जुन्या तांडेलाच्या वेळी का नाय बोंबलली?”

हा प्रश्न मीही स्वतःला विचारत होते, आणि उत्तर बोलता बोलताच मला सापडत गेलं. “तेव्हाही चूक होतच होती काका. ही पाटी हुशार आहे, ती पट्टीची चूक स्वतःच सावरून घेते. फक्त सावरलं की ते ती कर्नलला कळवते. जुन्या कर्नलला या पाटीची भाषाच येत नव्हती. ती सांगायची, त्याला ऐकू यायचं नाही. नव्याला येतं. ऐकतो म्हणून तो सांगतो.”

काकांनी पडद्याकडे बोट केलं. “म्हणजे चूक जुनी, तोंड नवं.”

“हां.”

“पण सावरतेय ना ती? मग बोंबलायचं कशाला? आमची सून बघ, भांडं फुटलं तर गुपचूप तुकडे गोळा करते. घरात शांतता राहते.”

“एका वेळी एक चूक आली तर सावरते. दोन एकदम आल्या तर तिला सावरता येत नाही. मग सगळंच आहे तिथं थांबतं. पेटारा बंद.”

“आणि दोन कधी येतात?”

“कामाचा भार असेल तेव्हा बहुतेक. सगळ्या बोटी एकदम हाका मारत असतील तेव्हा.”

“वादळात,” काका म्हणाले.

खोलीत एकदम कोंडल्यासारखं झालं म्हणून मी खिडकीशी गेले. खाली धक्का उन्हात पसरला होता. बायका माशांच्या रिकाम्या टोपल्या धुऊन वाळत घालत होत्या. त्या टोपल्यांमधून आबा चालत येत होते, खांद्यावर दोराचं भेंडोळं, मान ताठ, नजर थेट समोर बोटीवर. त्यांच्या डाव्या अंगाला धाकूकाका. दोघं काहीतरी बोलत होते. वाटेत डावीकडं एक टोपली आडवी आली. आबांची चाल बदलली नाही. धाकूकाकांनी बोलता बोलता, बोलणं न तोडता, पायानं ती टोपली बाजूला सारली. आबा पुढं गेले. पुढं एक खुंटा होता. धाकूकाकांनी आबांच्या कोपराला नुसता हात लावला, मायेनं लावावा तसा, आणि आबा खुंटा चुकवून गेले. त्यांना खुंटा होता हे कळलंसुद्धा नाही.

माझ्या पाठीमागं पडद्यावर नवी ओळ आली असावी. काका म्हणाले, “परत बोललं गो.”

मला आयचा तांब्या दिसला, डाव्या हाताचा उजवीकडं जाणारा. मला मी दिसले. आबांबरोबर बाजारात जाताना मी कायम त्यांच्या डावीकडून चालत होते. कधीपासून? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. एकदा ते सायकलवाल्याला धडकले होते, त्यानंतर माझे पाय आपोआप त्या बाजूला जायला लागले होते.

मी जिना उतरले तो कसा उतरले आठवत नाही.

धाकूकाकांना मी बोटीच्या आडोशाला ओढलं. “काका, तुम्ही बोटीवर डाव्या अंगालाच का बसता?”

“माझी जागा आहे ती.”

“आधी नव्हती. मी लहान असताना तुम्ही नाळेवर असायचात. मी बघितलंय.”

त्यांनी आजूबाजूला बघितलं. “हळद लागलीय, बाय.”

“आबांना डावीकडचं दिसत नाही. हो ना?”

“हळू बोल!”

“हो ना?”

सत्तरीला टेकलेला तो गडी. जाळी ओढून हातांचे चिरे झालेले. त्यांनी ते हात तोंडावर धरले. “थोडं थोडं जात गेलं गो. कडेकडेनं. मी आहे ना तिथं. मी सांभाळतो.”

“मग अगोदर का नाही बोललात? हळदीच्या अगोदर?”

“अगोदर बोटी पाण्यात. पाण्यावर कोण बोलतो? आणि वर ओढल्या की तो जाळी विणत बसलेला. तेव्हा कुठं चुकत होता तो, सांग. तेव्हा काय बोलू?”

“पांडूला माहीत होतं?”

“पांडू आपल्या बंदरातला. तो कशाला बोलेल?”

“आणि काका, समुद्र खवळला, तुम्ही जाळ्याशी अडकलात, आणि डावीकडनं दुसरी बोट आली तर?”

त्यांनी बोटीच्या फळीला हात टेकला.

मी आबांकडे गेले. ते नाळेसमोर कमरेवर हात ठेवून ‘मथुरामाय’कडे बघत उभे होते, नवरीकडे बापानं बघावं तसे. पलीकडं मोतीराम रंगाचा डबा बंद करत होता. आय नारळ पुसत होती. उद्याचा नारळ, सोनेरी कागद लावायचा. टोपल्या धुणाऱ्या बायका, दुसऱ्या बोटींवरची माणसं, सगळी होती. मला एक वेळ वाटलं, घरी सांगू. उंबऱ्याच्या आत. पण घरी आय, धाकूकाका आणि मी, आम्ही तिघंही त्यांच्या डावीकडं असतो. घरी आम्ही ते सावरून घेतलं असतं, त्यांना ऐकू आलं नसतं.

मी अनवाणी होते, आणि पुळणीवर पावलं वाजत नाहीत. मी जाऊन आबांच्या डाव्या अंगाला उभी राहिले. हातभर अंतरावर. त्यांचा घामाचा, तंबाखूचा वास येत होता. ते बोटीकडे बघत होते.

“आबा,” मी हाक मारली.

त्यांनी उजवीकडं मान वळवली. मग मागं बघितलं. “काय गो? कुठं आहेस?”

आयच्या हातातला नारळ तसाच राहिला.

“इथं,” मी म्हणाले. “मघापासून इथंच आहे.”

ते डावीकडं पूर्ण वळले तेव्हा मी त्यांना दिसले. इतकी जवळ होते की ते दचकले. मग त्यांनी हळूच मान पुन्हा समोर केली, बोटीकडे. मी त्यांच्या नजरेआड गेले असावे. पुन्हा मान वळवली. मी आले. पुन्हा समोर. असं ते करत राहिले, लहान मुलानं नव्या खेळण्याशी खेळावं तसं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा होत गेला.

“हळद लागल्यावर काय हे, पोरी!” कुणीतरी बायकांतून म्हणालं. “दर्या ऐकतोय!”

“ऐकू दे,” मी म्हणाले. “आबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. बोया दिसला नाही तो उन्हामुळं नाही. मोतीरामभाऊ खरं बोलले.”

“कधीपासून?” आबांनी विचारलं. ते मला विचारत नव्हते. धाकूकाकांना विचारत होते. मग आयकडे बघून म्हणाले, “तुलाही ठाऊक?”

आयनं पदर तोंडात धरला.

मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील, हळद मोडली म्हणून. ते वाळूत खाली बसले. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “मी अजून तसाच आहे. एकदाही आपटलो नाय, एकदाही चुकलो नाय, मग मी तसाच आहे की. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं मलाच कळू दिलं नाय रे, धाक्या.”

धाकूकाका त्यांच्या डाव्या अंगाला बसायला गेले, थबकले, आणि वळसा घालून उजवीकडं बसले. मला आजही त्या दिवसातलं दुसरं काही इतकं लख्ख आठवत नाही.

शेवटी बोलला तो मोतीरामच. “तांडेलानु, माझ्या मावशेचा असाच झाला होता. काचबिंदू. आधी कडा खाता तो, मगे मधला. मधला अजून तुमचा शाबूत आसा. आजच जावा.”

“तू काय गप्प बसायचा नाहीस,” आबा म्हणाले.

“नाय.”

“बरं आहे.”

त्याच दुपारी आम्ही तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी आबांना एका गोल यंत्रात डोकं ठेवायला लावलं आणि दिवे लावून विचारत राहिले, दिसला का, आता दिसला का. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब टाकून राखता येईल, असं त्यांनी सांगितलं. पण समुद्रावर बोट चालवणं आता नाही. आबांनी मान हलवली. एसटीत ते खिडकीशी बसले, डावी बाजू काचेकडं करून. खारवेळ येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ दर्याला गेला. ‘मथुरामाय’ सुकाणूवर धाकूकाकांना घेऊन सुटली, आणि डाव्या अंगाला मोतीराम उभा होता. काही बायकांनी बोटं मोडली, म्हणाल्या, हळदीत बोल लागलेल्या बोटीचं काही खरं नाही. आय गुडघाभर पाण्यात उभी होती. बोटी बोयाच्या पलीकडं गेल्यावर तिनं ओवी धरली. मी ती तिच्याकडून पूर्वी कधी ऐकली नव्हती; तिथंच, पाण्यात उभं राहून जुळवली असावी.

भरतीच्या पाण्याला, सांगते कानात,
जे माझ्या मनात, तेच ओठी...

आबा माझ्याबरोबर माडीवर आले. नासकी पट्टी मी काढून टाकली होती. उरलेल्यांवर पेटारा मजेत चालत होता. नवा कर्नल तसाच ठेवला होता. आबांनी वायरलेसशेजारची खुर्ची ओढली, नीट मान फिरवून खोलीचा डावा कोपरा बघून घेतला, तिथं काय काय आहे ते मोजल्यासारखं, आणि बसले. त्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली. पुढं कितीतरी हंगाम बंदरातल्या बोटींना माघारी बोलावणारा आवाज त्यांचा होता.

पहिलाच आवाज आला तो मोतीरामचा. “खारवेळ, खारवेळ, मथुरामाय बोलता. डाव्या अंगाक बोयो आसा. लाल. दिसलो. मागे टाकलो. धाकूशेट म्हणतत माका गप बस. मी बसणा नाय.”

आबांनी कळ दाबली. “बसू नको. बोलत राहा.”

मग ते माझ्या पडद्याकडं वळले. पडदा कोरा होता. सकाळपासून एकही ओळ आली नव्हती.

“आज काय म्हणतंय का ते?”

“नाही आबा. गप्प आहे.”

ते बराच वेळ त्या कोऱ्या काळोखाकडं बघत राहिले, मान या बाजूनं, मग त्या बाजूनं करून.

“बाय,” त्यांनी विचारलं, “बरं आहे म्हणून गप्प आहे, की नुसतंच गप्प आहे?”

मी खुर्ची पुढं ओढली आणि तपासायला घेतलं.